दोन इंचांचं पिल्लू आणि चार फुटांची टाकी



गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या सभागृहात बसलो असताना एका सभासदांनी विचारलं, "तुमच्याकडे तो काळा-केशरी मोठा मासा आहे ना, आमच्या नातवाला तसाच हवाय. दोन फुटांची टाकी पुरेल ना?" मी "नाही" म्हटलं. का नाही, ते सांगता सांगता आरती सुरू झाली आणि बोलणं अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतो. आपल्या इंदूरच्या बऱ्याच घरांत मुलांच्या वाढदिवसाला मासे आणले जातात, म्हणून इतरांनाही उपयोग होईल.

मी हे शिकलो ते चूक करूनच. आठ वर्षांपूर्वी नातवासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी आणली. सोबत एक टायगर ऑस्कर, दोन 'शार्क' आणि काच साफ ठेवायला एक सकर. सगळी पिल्लं दोन-दोन इंचांची, एका पिशवीत मावणारी. दुकानदाराला विचारलं होतं, हे वाढतील किती? तो म्हणाला, "अंकल, जितना टैंक, उतनी मछली." मला ते पटलं. कुंडीतलं झाड कुंडीपुरतंच वाढतं, तसंच असेल असं वाटलं.

तसं नसतं. आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान याच एका समजुतीने होतं. लहान टाकीत मासा कधीकधी खुरटतो हे खरं, पण तो जागा पाहून शहाण्यासारखा थांबत नाही. त्याची वाढ खुंटते ती बहुतेक वेळा घाण पाण्यामुळे आणि सततच्या ताणामुळे. पाठ वाकते, पर झडतात, रोग पटकन लागतात आणि आयुष्य कमी होतं. ज्या ऑस्करने दहा-बारा वर्षं जगायचं, तो दोन-तीन वर्षांत जातो आणि आपण म्हणतो, माशांचं आयुष्यच तेवढं.

आमच्याकडचे 'शार्क' म्हणजे खऱ्या अर्थाने शार्क नव्हतेच. ते पंगास, म्हणजे मेकाँग नदीतला मांजरमासा. हॉटेलात 'बासा' म्हणून जो पांढरा, बिनकाट्याचा तुकडा पुढ्यात येतो तो आपल्याकडे बहुतेक वेळा याच माशाचा असतो. शेततळ्यात तो वर्षभराच्या आत किलोभर होतो, आणि पूर्ण वाढला तर चार फुटांवर जातो. त्यात तो भित्रा. कोणी दिवा लावला, दार आपटलं, की सुसाट पळतो आणि काचेवर आदळतो. सहा महिन्यांत आमच्या दोघांपैकी एकाच्या तोंडाला कायमची जखम झाली होती.

आता हिशेबाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

जुन्या पुस्तकांत एक नियम असायचा: दर एक इंच माशाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार-चार लिटर पाणी. गप्पी, टेट्रा अशा लहान माशांसाठी तो ठीक आहे. मोठ्या माशांना लावला की फसतो. मासा फक्त लांब होत नाही. तो रुंद आणि जाडही होतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. दोन इंचांचा ऑस्कर बारा इंचांचा झाला म्हणजे लांबी सहापट, पण वजन जवळजवळ दोनशेपट. खाणंही त्याच चढत्या प्रमाणात वाढतं आणि विष्ठाही. एक-एक इंचाचे बारा मासे आणि बारा इंचांचा एक मासा, दोन्हींना हा नियम सारखंच पाणी देतो. प्रत्यक्षात तो एकटा त्या बारांच्या शंभरपटीहून जास्त वजनाचा असतो.

आणि माशाचं जेवणघर, न्हाणीघर आणि संडास एकच असतं, हे विसरून चालत नाही. त्याच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषं, तिसरं त्या मानाने सौम्य, पण तेही साठलं की त्रास देतं आणि ते काढायला पाणी बदलणं हाच मुख्य उपाय. पाणी कमी असलं की हे सगळं लवकर दाट होतं. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी, तितका त्याच अमोनियाचा विषारी भाग जास्त. आपल्याकडचा मे महिना आणि बोअरचं जड पाणी एकत्र आलं की लहान टाकीत चूक करायला जागाच उरत नाही.

टाकीत पाणी किती मावतं ते काढणं सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, गुणाकार करा आणि आलेल्या आकड्याला 28 ने गुणा. आमची पहिली टाकी 2×1×1, म्हणजे 56 लिटर. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा करता जेमतेम 45. साडेचारशे लिटरची गरज असलेल्या प्राण्यांना मी दोन-तीन बादल्यांत ठेवलं होतं.

पण नुसते लिटर पाहूनही भागत नाही. आकार पाहावा लागतो. उंच आणि अरुंद टाकी दिवाणखान्यात शोभून दिसते, पण मासा लिफ्टसारखा वर-खाली करत नाही, तो आडवा पोहतो. शिवाय हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून, म्हणून तेवढ्याच पाण्याची पसरट टाकी नेहमी बरी. माझा ठोकताळा असा: टाकीची लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या निदान चौपट आणि रुंदी निदान दीडपट. रुंदीकडे लोक दुर्लक्ष करतात. एक फूट रुंदीच्या टाकीत एक फुटाचा मासा वळताना अंग दुमडतो, आणि रोज शेकडो वेळा दुमडतो.

हा ठोकताळा लावला की दुकानातले नेहमीचे मासे कुठे बसतात ते पाहू.

ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. बारा-चौदा इंच होतो आणि पहिल्या वर्षी महिन्याला इंचभर या वेगाने वाढतो. एकट्यासाठी 4×1½×1½ ही अगदी किमान टाकी, म्हणजे 250 लिटर. जोडी ठेवायची तर 4×2×2 च्या खाली जाऊ नये, पाच फूट असेल तर उत्तम. फ्लॉवरहॉर्न दहा-बारा इंचांचा, 1990 च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला. डोक्यावरच्या टेंगळाला लोक भाग्य मानतात. तो इतका भांडकुदळ की त्याला चार फुटांची टाकी एकट्यालाच द्यावी लागते. 'काच साफ करणारा' सकर दीड फुटापर्यंत जातो. आणि मोठा झाला की काच साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो, हे कोणी सांगत नाही. सिल्व्हर शार्क फूटभर होतो आणि एकटा राहत नाही, चार-पाच लागतात, म्हणजे सहा फुटांची टाकी आली.

अरोवानाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण वास्तू आणि भरभराटीच्या नावाखाली तो घरोघरी पोचतोय. दुकानात मिळतो तो बहुधा दक्षिण अमेरिकेतला सिल्व्हर अरोवाना. घरातल्या टाकीतसुद्धा तीन फूट होतो. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून पकडणारा हा मासा, त्यामुळे टाकीला वजनदार, घट्ट झाकण हवंच. नाहीतर सकाळी फरशीवर सापडतो. त्याचं अंग बऱ्यापैकी लवचिक असतं, तरी अडीच-तीन फूट रुंदी आणि आठ फूट लांबी लागते. 8×3×2½ म्हणजे जवळजवळ 1,700 लिटर. बऱ्याच घरांच्या गच्चीवर 1,000 लिटरची काळी टाकी असते, त्याहून हे जास्त. भरभराट आधी झालेली असली तरच हा मासा परवडतो, असं मी गमतीने म्हणतो.

पंगास, लाल शेपटीचा रेड टेल कॅटफिश आणि पाकू (मासळी बाजारात 'रूपचंद' म्हणतात तो) हे घरात ठेवायचे मासे नव्हेतच. रेड टेल तर चार फूट होतो आणि तोंडात मावेल ते, म्हणजे टाकीतले सोबतीसुद्धा, गिळतो.

"आत्ता लहान टाकीत ठेवू, वाढला की मोठी घेऊ," हे मीही म्हटलं होतं. यात तत्त्वतः चूक काही नाही, पण ऑस्कर वाढायला एक वर्ष घेतो आणि आपला मोठ्या टाकीचा विचार दिवाळी, मग लग्नसराई, मग पुढची दिवाळी असा सरकत जातो. शेवटी दोन टाक्यांचे पैसे जातात. पहिल्यापासूनच मोठी घ्या.

आता वजन. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. 4×2×2 च्या टाकीत 450 किलो पाणी, 12 मिलिमीटर काचेचे 90 किलो, वर खडी आणि स्टँड. म्हणजे सहाशे किलो धरा. घराचा स्लॅब करताना वापराचं वजन साधारण दर चौरस मीटरला 200 किलो धरतात. इथे पाऊण चौरस मीटरवर सहाशे किलो बसतात, म्हणजे चौपट. खोलीत इतरत्र जागा मोकळी असते म्हणून बहुधा निभावतं, पण टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी, आणि चार फुटांच्या पुढे जायचं असेल तर इंजिनिअरला दाखवूनच. राजवाड्याच्या आसपास ज्यांची जुनी घरं आहेत, लाकडी तुळया आणि फळ्यांचा मजला आहे, त्यांनी वरच्या मजल्यावर मोठी टाकी ठेवूच नये. तळमजल्याचा ओटा किंवा पडवी बरी, मात्र थेट उन्हात नको. टाकीखाली थर्मोकोल घाला, पाणसळ लावून स्टँड समतल करा, आणि दाराची व जिन्याच्या वळणाची रुंदी आधी मोजा. आमची टाकी जिन्यात तासभर अडकली होती.

पाणी बदलणं हा दर आठवड्याचा कायमचा भाग. चौथा हिस्सा बदलायचा तर साडेचारशे लिटरमागे 110 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सात-आठ बादल्या. नर्मदेचा नळ एकाआड एक दिवस येतो त्यांनी याचा विचार आधी करावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तेव्हा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन घातल्याशिवाय ते टाकीत जाऊ देऊ नका. फिल्टर तासाला टाकीच्या चार-पाचपट पाणी फिरवणारा हवा. नवी टाकी लावल्यावर जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी मासे भरू नका. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हीटर लागतो. ऑस्कर तो धक्के मारून फोडतो, त्याला जाळी बसवा.

आणि वीज. सातव्या महिन्यात, मे महिन्यातल्या एका रात्री आमच्याकडची वीज चार तास गेली. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो: 20 अंशांवर लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर 30 अंशांवर साडेसात. पंप बंद, पाणी 45 लिटर आणि मासे चार. सकाळी दोन्ही पंगास आणि सकर तरंगत होते. ऑस्कर वरच्या पाण्याशी तोंड लावून धापा टाकत होता. नातू शाळेत गेला नाही त्या दिवशी. बॅटरीवर चालणारा एअर पंप तेव्हा तीनएकशे रुपयांना मिळत होता. तोही मी घेतला नव्हता.

त्याआधी घरात एक सूचना आली होती, की शार्क फार मोठे झालेत, विसर्जनाच्या वेळी तलावात सोडून देऊ. तेवढं मात्र केलं नाही हे बरं. सोडलेला मासा एकतर मरतो, नाहीतर जगतो, आणि जगला तर ते जास्त वाईट. सकर आज देशातल्या कित्येक तलावांत आणि नद्यांत पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. 2023 मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला, तो कोणाच्या तरी टाकीतूनच आला असणार. आपले सिरपूर आणि यशवंत सागर 2022 मध्ये रामसर यादीत आले आहेत. मासा डोईजड झाला तर दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या, मला फोन करा. पण तलावात नको.

दोन फुटांचीच जागा असेल तर तिच्यात शोभणारे मासे भरपूर आहेत. आठ-दहा निऑन टेट्रा आणि तळाशी चार-पाच लहान कोरीडोरास, किंवा नुसते गप्पी. एंजल मात्र नको. तो दिसतो नाजूक, पण परांसकट चांगलाच उंच होतो, त्याला दीड-दोन फूट खोलीची टाकी हवी.

आमचा ऑस्कर वाचला. त्या आठवड्यात 4×2×2 ची टाकी आली. तो आता सव्वा फुटाला थोडा कमी आहे, सकाळी डबा हातात घेतला की काचेपाशी येतो. नातू यंदा शिकायला पुण्याला गेला, त्यामुळे बादल्या मीच उचलतो. जुन्या दोन फुटी टाकीत पडवीत गप्पी आहेत, पिल्लं इतकी होतात की हवी त्याने बरणी घेऊन यावं. आणि ज्यांना मोठी टाकी घ्यायची आहे त्यांनी एखाद्या रविवारी येऊन आधी ऑस्कर वळताना पाहावा. मोजपट्टी टाकीशेजारीच ठेवलेली असते.