दीर्घकालीन डायलिसिसवरील रुग्णांचे मानसिक आरोग्य आणि शारीरिक हालचाल : करंजासारख्या कोळी गावाच्या संदर्भात

प्रस्तावना

मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यावर प्रत्यारोपण होईपर्यंत, आणि ते न झाल्यास आयुष्यभर, रुग्णाला डायलिसिसवर विसंबून राहावे लागते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास हा उपचार चालतो. २०१६ साली जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना यांमुळे खर्चाचा भार काही अंशी हलका झाला. परंतु तीन सत्रांचे १२ तास वजा जाता आठवड्याचे १५६ तास उरतात. त्या तासांचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह करावयाचा आहे.

नैराश्याचे मोजमाप

जगभरातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रश्नावलीने तपासता डायलिसिसवरील सुमारे ३९ टक्के रुग्णांत नैराश्य आढळते. मुलाखतीद्वारे निदान केल्यास हेच प्रमाण सुमारे २३ टक्के भरते. थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे ही नैराश्याची लक्षणे होत, तशीच ती मूत्रपिंडविकाराचीही होत. विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या आपण प्राध्यापकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

काम सुटल्यावर

उरण तालुक्यातील करंजा हे रेवससमोरील मासेमारीचे बंदर. अशा गावात माणसाची ओळख त्याच्या कामाशी बांधलेली असते. फिस्टुला केलेल्या हाताने जड वजन उचलावयाचे नसते. म्हणजे जाळे ओढणे सुटले, मासळीची टोपली उचलणेही सुटले. पाणी मोजून प्यावयाचे, आणि खारवलेली सुकी मासळी मिठामुळे जवळजवळ वर्ज्य. घरची माणसे मायेपोटी ‘तू नुसता बस’ म्हणतात. बसून राहिल्याने स्नायू क्षीण होतात, थोड्या श्रमाने दम लागतो, मग बाहेर पडणे टळते आणि मन अधिकच खचते. माझ्या मते या मायेचा तोटा आजाराच्या खालोखाल आहे.

जयप्रकाश नारायण १९७५ पासून १९७९ मध्ये निधन होईपर्यंत डायलिसिसवर होते. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार चालू असतानाच्या त्या काळातच त्यांनी १९७७ च्या निवडणुकीचा प्रचार केला. त्यांचे उदाहरण अपवादात्मक खरे. तथापि हाती कार्य असणे म्हणजे काय, हे त्यावरून कळते.

चालण्याचा पुरावा

इटलीतील २९६ रुग्णांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाने डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच दोनदा १०-१० मिनिटे संथ चालण्याचा क्रम ठेवला. सहा महिन्यांनी ६ मिनिटांत कापावयाचे त्यांचे अंतर सरासरी ३२८ वरून ३६७ मीटरवर गेले; दुसऱ्या गटात लक्षणीय फरक पडला नाही. बौद्धिक क्षमता व लोकांतील वावर यांविषयीचे गुणांकही सुधारले. उलट, डायलिसिस चालू असताना सायकल चालविण्याच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात जीवनमानात सुधारणा दिसली नाही. तेव्हा व्यायाम हा नैराश्यावरचा रामबाण उपाय, असे म्हणता येत नाही.

करंजात यासाठी व्यायामशाळा नको. घरापासून धक्क्यापर्यंतची फेरी पुरे. बसून जाळे दुरुस्त करण्याचे कामही डॉक्टरांना विचारून हाती ठेवता येईल. मात्र डायलिसिसची पाळी चुकली असेल, अंगावर सूज वा छातीत दुखणे असेल, तर त्या दिवशी श्रम टाळून डॉक्टरांना गाठावे. उदासी आठवडे टिकल्यास २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.