न्हाणीघराच्या दाराशी लोकरीचे पायपुसणे : कुठे योग्य, कुठे धोक्याचे?



आपल्या खेड्यांतील घरे गेल्या काही वर्षांत फार बदलली. पूर्वी न्हाणी परसात असे. तिथे खडबडीत दगड बसवलेला असे आणि त्याच्यावर बसून अंघोळ होई. आता न्हाणीघर घरात आले. दगडाची जागा आधी शहाबादी फरशीने घेतली, आणि आता बहुतेक घरांत गुळगुळीत टाईल आली आहे. थंडीवाऱ्यात अंगण ओलांडून जाण्याचा म्हाताऱ्या माणसांचा त्रास वाचला, हे चांगलेच झाले. पण खडबडीत दगडावर पाय धरून राहत होता, ओल्या टाईलवर तो धरत नाही. त्यात साबणाचे पाणी पडले की फरशी शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीसारखी होते.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या भेटीला घरोघर जावे लागते. "काय झाले, आजी?" असे विचारले की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "न्हाणीतून बाहेर येत होते, पाय सटकला." खुब्याचे हाड एकदा मोडले की शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ अशी रांग लागते. चालती-बोलती बाई परस्वाधीन होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरण पावतात, आणि त्यांत सर्वाधिक संख्या साठी ओलांडलेल्यांची असते. म्हणून न्हाणीघराच्या दाराशी काय अंथरावे हा प्रश्न क्षुल्लक नाही.

बहुतेक घरांत तिथे गोणपाटाची घडी किंवा जुन्या लुगड्याचे बोळके टाकलेले असते. काही घरांत आता बाजारातले केसाळ, रंगीत पायपुसणे दिसते. आणि ज्यांच्या घरी आजोबांची घोंगडी माळ्यावर पडून आहे, ते विचारतात की तिचा तुकडा कापून तिथे घातला तर चालेल का? चालेल, पण जागा चुकली तर तोच तुकडा पाय घसरवील. लोकरीचा स्वभाव समजून घेतला म्हणजे जागा आपोआप कळते.

लोकरीचा स्वभाव

लोकर म्हणजे मेंढराचे केस. आपले केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात त्याच जातीच्या प्रथिनाची ती असते. तिच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात आणि वरच्या थरात तेलकटपणा असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब पडला तर तो लगेच आत मुरत नाही, काही वेळ वरच राहतो. मात्र हवेतील ओल, वाफ, पायाचा दमटपणा लोकर आत ओढून घेते. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी ओल पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. ओल घेताना ती किंचित ऊबही देते. पावसात घोंगडीची खोळ करून रात्र काढणाऱ्या धनगराला हे गुण कोणी शिकवावे लागले नाहीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. लोकर ओल सोसते, पण निथळते पाणी पुसून घेण्याचे काम सुती कापड अधिक चांगले करते. म्हणून पाय पुसावा तो सुती फडक्याने, आणि मग कोरड्या पायाने उभे राहावे ते लोकरीवर. थंडीच्या दिवसांत गरम पाण्याने अंघोळ करून एकदम गार टाईलवर उभे राहिले की वृद्धांचा पाय आखडतो. तिथे लोकरीची ऊब उपयोगी पडते.

आत नको, बाहेर हवी

न्हाणीघराच्या आत, जिथे पाणी पडते तिथे, लोकरीचे काहीही घालू नये. पूर्ण भिजलेली लोकर फार जड होते आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. खाली साबणाचे पाणी शिरले म्हणजे ती टाईलवरून होडीसारखी सरकते. शिवाय सतत ओल्या राहिलेल्या पायपुसण्यात बुरशी धरते, कुबट वास येतो, आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. घरात कोणाला दमा असेल तर ते त्रासाचे कारण होते.

योग्य जागा म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर, कोरड्या बाजूला, जिथे पहिले पूर्ण पाऊल पडते तिथे. आतल्या बाजूला फक्त खडबडीत फरशी किंवा भोके असलेली रबराची चटई असू द्यावी. उंबऱ्याशी सुती फडके आणि त्याच्या पलीकडे लोकर, असा क्रम ठेवावा.

तुकडा कसा तयार करावा

घोंगडी विणताना सुताला चिंचोक्यांची खळ देतात. त्यामुळे नवी घोंगडी ताठ असते. ही खळ ओलीत राहिली तर चिकट होते आणि बुरशीला आयते अन्न मिळते. म्हणून घोंगडी फारशी न वापरलेली असेल तर आधी कोमट पाण्यात भिजवावी आणि पाणी बुळबुळीत येण्याचे थांबेपर्यंत खंगाळावी. मग सावलीत वाळवून कापावी.

माप सुमारे दोन फूट बाय तीन फूट ठेवावे. दोन्ही पाय टेकून, वळून उभे राहता आले पाहिजे. घडी घालून दुहेरी करू नये, कारण जाड कडेला ठेच लागते. चारही कडा सुती पट्टीने पक्क्या शिवाव्यात, म्हणजे त्या वर उचलणार नाहीत. काळी घोंगडी असेल तर पट्टी पांढरी घ्यावी. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना अंधुक उजेडात काळ्याची कड दिसत नाही, पांढरी दिसते.

खालच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये शिवून घ्याव्यात. दुकानात रबराची जाळी मिळते, तीही चालते. खालची फरशी कोरडी करूनच पायपुसणे अंथरावे. नंतर घरातल्या धडधाकट माणसाने एका हाताने चौकट धरून ते पायाने ढकलून पाहावे. सरकले तर आणखी पट्ट्या लावाव्यात. ही परीक्षा झाल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला त्यावर पाय ठेवू देऊ नये.

बाजारातून "लोकरीचे" म्हणून घेतलेले पायपुसणे बऱ्याचदा लोकरीचे नसते. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखी घाण सुटून जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते, आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गुठळी होते. पाणी तापवायचा बंब दाराजवळ असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे. ठिणगी पडली तर लोकर सहसा भडकत नाही. कृत्रिम धागा पेटून वितळतो आणि कातडीला चिकटतो.

चिखल्या आणि साथीचे पायपुसणे

भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते. तिथे बुरशी धरली की ती ओल्या फरशीवरून, एकाच टॉवेलवरून आणि एकाच पायपुसण्यावरून दुसऱ्याला लागू शकते. म्हणून ज्याला असा त्रास आहे त्याने वेगळे सुती फडके वापरावे, ते रोज धुऊन उन्हात घालावे, आणि बरे होईपर्यंत सर्वांच्या लोकरीवर पाय ठेवू नये. मधुमेह असलेल्यांनी तर बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करून पाहाव्यात. त्यांच्या पायाची जखम त्यांना कळत नाही आणि लवकर भरत नाही.

निगा

लोकरीची दोन पायपुसणी करावीत. एक वापरात असताना दुसरे वाळत राहील. रोज सकाळच्या अंघोळी आटोपल्या की पायपुसणे उचलून दोरीवर टाकावे; जमिनीवर पसरलेले ठेवू नये. आठवड्यातून एकदा उलटे करून काठीने झटकावे.

धुताना गार किंवा अगदी कोमट पाणी आणि रिठा घ्यावा. गरम पाण्यात साबण लावून घासले तर तंतूंचे खवले एकमेकांत अडकतात, आणि तुकडा आटून टणक होतो. धुण्याचा सोडा लोकर कमकुवत करतो. फरशी पांढरी करण्यासाठी जे ब्लीचचे पाणी वापरतात ते तर लोकर अक्षरशः विरघळवते. म्हणून ब्लीचने न्हाणी धुण्याच्या दिवशी पायपुसणे दूर ठेवावे. पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवे वाळवावे. मग तास-दोन तास ऊन दाखवावे.

माळ्यावर ठेवायचे असेल तर आधी स्वच्छ धुवावे. लोकर खाणारी कसर अंधारात राहते, आणि तिच्या अळ्यांना घामाने मळलेली लोकर अधिक आवडते. डांबरगोळ्या घातल्या असतील तर ते वस्त्र तान्ह्या बाळाला गुंडाळू नये. काही बाळांच्या रक्तात जन्मापासून एक उणीव असते, आणि डांबरगोळीच्या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून जीवघेणी कावीळ होऊ शकते.

कोणाच्या वाटेत काहीच नको

जे वृद्ध पाऊल उचलून टाकू शकत नाहीत, फरपटत चालतात किंवा काठीने चालतात, त्यांच्या वाटेत कोणतेच पायपुसणे ठेवू नये. लोकरीचेही नको. त्यांच्यासाठी भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा, बसायला न हलणारे स्टूल, रात्रभर जळणारा लहान दिवा आणि आठवड्यातून एकदा ब्रशाने घासलेली फरशी हवी. दांड्याला येणारा खर्च खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे काहीच नाही. टॉवेल टांगायची कांब म्हणजे दांडा नव्हे. माणसाचा भार पडला की ती भिंतीतून निघते.

बसवून झाल्यावर त्या माणसाला तिथे नेऊन, दांडा हाताला येतो का ते पाहावे. आणि न्हाणीघराला आतून कडी लावू नका, असे त्यांना प्रेमाने सांगावे. लाज राखण्यासाठी पडदा पुरेसा आहे. आत कोणी पडले तर दार तोडण्यात वेळ जाता कामा नये.

शेवटी शेतात

तुकडा झिजून निरुपयोगी झाला तरी फेकू नये. लोकरीत नत्र भरपूर असते. स्वच्छ कोरड्या लोकरीत ते १५ टक्क्यांच्या आसपास असते, तर शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मात्र लोकर सावकाश कुजते, म्हणून तिचे नत्रही सावकाश सुटते. रबराच्या पट्ट्या आणि कृत्रिम दोरा काढून टाकावा, वीतभर तुकडे करावेत आणि नारळाच्या किंवा आंब्याच्या रोपाच्या आळ्यात, बुंध्यापासून थोडे दूर, मातीखाली घालावेत. उन्हाळ्यात ते ओल धरून ठेवतील. जाळू मात्र नये. नत्र धुरात जाते आणि हाती काही राहत नाही.

जाता जाता एक गोष्ट. दख्खनी मेंढराची लोकर भरड असते. अंगाला ती टोचते, पण पायाखाली टिकते. कृत्रिम धाग्याचे स्वस्त ब्लँकेट आल्यापासून तिला भाव नाही. कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून धनगर लोकर बांधावर टाकून देतात. ज्यांचे कळप आपण शेतात खतासाठी बसवतो त्यांचेच हे धन आहे. घरात जुनी घोंगडी नसेल, तर ते पुढच्या वेळी शेतात उतरतील तेव्हा त्यांना विचारावे, "लहान मापाचे विणून मिळेल का?" योग्य मोल देऊन दोन नग घ्यावेत.

हे सगळे एका दिवसात करायला हवे असे नाही. पण आज संध्याकाळी एवढे अवश्य करा : आपल्या न्हाणीघराच्या दाराशी जे काही अंथरले आहे, ते पायाने ढकलून पाहा. ते सरकले, तर घरातील म्हातारे माणूस उद्या सकाळी अंघोळीला जाण्यापूर्वी ते तिथून उचला.