मिशनचा पगार आणि देवाचा दरबार

१९१७ साली साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या घटनेकडे कवीची लहर म्हणून पाहिले जाते. वस्तुतः प्रश्न बराचसा अर्थव्यवहाराचा होता. उपदेशकाचे वेतन परदेशातून येत असेल, तर श्रोता आधी त्या वेतनाकडे पाहतो, शब्दाकडे नंतर. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या इस्पितळालाही अमेरिकन मिशनचाच आधार होता. पण औषधाला परकेपणाची बाधा होत नाही, प्रवचनाला होते. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगणाऱ्या टिळकांना ही अडचण इतरांहून अधिक जाणवली असल्यास नवल नाही. दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यांनी स्थान दिले. हे मात्र पगार सोडण्याहूनही धाडसाचे होते, कारण त्यामुळे मंडळीची वेसच पुसली जात होती.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मराठी चर्चमधून आजही गायिली जातात, आणि त्यांपैकी पुष्कळशी मिशनच्या पगारी सेवेत असतानाच रचलेली आहेत.