पाळणाघराचा दर कसा ठरतो?



संघटनेच्या कामात आमचे आयुष्य मजुरीच्या हिशेबात गेले. कारखान्यातील मजुरी कशी ठरते हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु शेजारच्या बिऱ्हाडात एखाद्या काकू दिवसाचे दहा तास आपली मुले सांभाळतात, त्यांचा दर कसा ठरतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आज तोच विषय घेऊ.

घरगुती पाळणाघराच्या दराला साधारणपणे चार पायऱ्या असतात. पहिली वेळेची: अर्धा दिवस की पूर्ण दिवस. दुसरी वयाची: तान्ह्या मुलाला दर अधिक, कारण त्याचे दूध, लंगोट, झोप यांत एक माणूस गुंतून पडते. तिसरी खाण्याची: डबा घरून आला तर एक दर, काकूंनी वरणभात भरविला तर दुसरा. चौथी जास्तीच्या कामाची: मुलाला शाळेच्या बसवरून आणणे, किंवा हिंजवडीहून निघालेले आईबाप वाहतुकीत अडकले की सातनंतर थांबणे.

कामागणिक दर ही रीत पुण्याला नवी नाही. धुण्याचे वेगळे, भांड्यांचे वेगळे, केर-फरशीचे वेगळे, हे घरोघर चालते. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि पगार व सुट्टी हे घरकामातलेही हक्काचे प्रश्न ठरले. पाळणाघर चालविणारी बाई मात्र एकटी असते. ती बहुधा पलीकडच्या गल्लीतला दर विचारते आणि त्याहून दोनशे रुपये कमी सांगते. तिच्या हिशेबात किराणा असतो, गॅस असतो. तिचे स्वतःचे श्रम तेवढे नसतात.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा, आठ मुले आहेत आणि प्रत्येकी महिना ४,००० रुपये घेतले. जमा ३२,०००. रोज पाच तास येणाऱ्या मदतनीस बाईंना ९,०००, जेवणखाणाला मुलामागे १,००० म्हणजे ८,०००, वीज-पाणी-साबणाला ३,००० आणि अडलेल्या खोलीचे भाडे ४,००० धरले, तर खर्च २४,०००. उरले ८,०००. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज दहा तास, म्हणजे २५० तास. तासाला पडले ३२ रुपये. मदतनीस बाईंना मात्र तासाला ७२ पडतात. घरची मालकीण मजुरापेक्षा निम्म्याहून कमी दराने राबली!

तिलाही ७२ द्यायचे म्हटले तर तिचे १८,००० होतात आणि दर मुलामागे ५,२५० वर जातो. दर ४,००० वरच ठेवायचा तर तीच कमाई होण्यास बारा मुले घ्यावी लागतात. खोली तीच, हात तेच, मुले मात्र दीडपट. स्वस्त दराची किंमत अशी शेवटी मूलच देते. म्हणून आमच्या मते पाळणाघराचा खरा दर्जा खेळण्यांवर वा भिंतीवरील चित्रांवर ठरत नाही. दोन हातांमागे मुले किती, यावर ठरतो.

यावर कोणी म्हणेल, दुकानात काम करणाऱ्या आईने ५,२५० आणावेत कोठून? प्रश्न रास्त आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत फी आईबापांच्या उत्पन्नावर होती: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास महिना २० रुपये, पुढे १०० व २००. उरलेला भार सार्वजनिक पैशाने उचलायचा, हे तत्त्व त्यात होते. त्याच वर्षी प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. आईची ऐपत आणि सांभाळाचा खर्च यांतील अंतर मालकाने व सरकारने भरावयाचे आहे. आज ते काकू आपल्या श्रमांतून भरीत आहेत.

तेव्हा पाळणाघर चालविणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे एवढेच: आधी स्वतःची मजुरी मांडा, मुलांची संख्या ठरवा, मग दर काढा. तो पायऱ्यांसकट लिहून दाराशी लावा. उशिराचा आकारही त्यात असू द्या, म्हणजे रोजची कुरबुर टळेल. शेजारच्या पाळणाघरवालीशी दर पाडण्याची चढाओढ करू नका. तिच्याबरोबर बसून दर ठरवा. आणि आईबापहो, दारात उभे राहून ‘किती पैसे?’ असे विचारण्याआधी ‘किती मुले?’ असे विचारा.