पेस्ट कोणती घ्यावी? आधी खोका वाचा

मागच्या वर्षी सहावीच्या वर्गाला मी एक वेगळाच गृहपाठ दिला. "घरात दात घासायला जे वापरतात, त्याचा रिकामा खोका, ट्यूब किंवा डबी उद्या घेऊन या." विज्ञानाच्या तासाला लेबल वाचायला शिकवावे, एवढाच हेतू होता.

दुसऱ्या दिवशी माझे टेबल भरून गेले. लाल, निळ्या, हिरव्या ट्यूबा. मीठ, लवंग, कडुनिंब, कोळसा अशा नाना गुणांच्या पेस्टचे खोके. लाल दंतमंजनाच्या दोन डब्या. एका मुलीने कागदात गुंडाळून मिसवाक आणली होती. शेवटी एक मुलगा उठला आणि त्याने खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढली. झाकण उघडताच वास आला आणि मला ती ओळखायला क्षणही लागला नाही. मशेरी होती.

"ही कोण वापरतं?" मी विचारले.

"दादी, टीचर. दात दुखा तो मेरेकू बी लगाती."

मूल अकरा वर्षांचे. मी त्याला रागावले नाही. रागावण्याचा अधिकार मला कुठे होता? तसलीच डबी त्या दिवशी माझ्या स्वतःच्या घरात, अम्मीच्या उशाशी होती. आणि महिन्याच्या किराण्याबरोबर तिची तंबाखू मीच आणून देत होते.

पेस्टमध्ये असते तरी काय?

त्या तासाला आम्ही खोके वाचले. जाहिरातीचे मोठे शब्द सोडून मागची बारीक अक्षरे वाचली, तर बहुतेक पेस्ट आतून एकमेकींच्या बहिणी निघतात. दात घासणारी बारीक पूड असते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. पेस्ट वाळू नये म्हणून सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन असते. फेस यावा म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट, शिवाय चव, गोडी आणि रंग. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, असे नसते. उलट ज्यांना तोंडात वारंवार फोड येतात, त्यांनी काही दिवस या सल्फेटविना असलेली पेस्ट वापरून पाहावी. काहींना त्याने आराम पडतो.

दात किडण्यापासून वाचवणारा खरा घटक एकच, फ्लोराइड. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले, की दातांवरच्या थरातले जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या कवचातली खनिजे ओढून घेते. लाळ ती खनिजे हळूहळू परत भरते आणि फ्लोराइड या भरणीला मदत करते. दिवसभर चहा-बिस्किट, चहा-खारी चालू राहिली, तर लाळेला भरणी करायला वेळच मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे.

खोक्यावर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट हे नाव शोधा. त्याचे प्रमाण पीपीएममध्ये दिलेले असते. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे. 1000 पीपीएम म्हणजे एक किलो पेस्टमध्ये एक ग्रॅम. नाव आणि आकडा दोन्ही दिसत नसतील, तर त्या पेस्टमध्ये बहुधा फ्लोराइड नाही. वनौषधींच्या पुष्कळ पेस्टमध्ये ते नसते. खोक्यावर पानाफुलांचे चित्र आहे म्हणून ती वाईट नाही आणि तेवढ्यावरून चांगलीही नाही.

ट्यूबच्या खालच्या टोकाला रंगीत पट्टी असते. हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे रसायनी, असे संदेश मोबाइलवर फिरतात. मुलांनीही तेच सांगितले. ती पट्टी कारखान्यातल्या यंत्रासाठी असते. ट्यूब कुठे कापायची आणि कुठे चिकटवायची, हे यंत्राला त्यावरून कळते. आतल्या मालाशी तिचा संबंध नाही.

कोणाला कोणती?

लहान मुलांसाठी: पहिला दात आला, की घासणे सुरू करावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात, ती विसरा. मूल पेस्ट गिळते, म्हणून ट्यूब त्याच्या हाती देऊ नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. कोणताही दात न पडता ती गुपचूप उगवते, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. आयुष्यभराची असते.

थंड-गरम लागत असेल तर: पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मिळते. दाताच्या नसेकडे जाणारी कळ ती कमी करते. मात्र दोन ते चार आठवडे नियमित वापरल्याशिवाय फरक कळत नाही. चार दिवसांत सोडून "काही उपयोग नाही" म्हणू नये. आणि एकाच दाताला कळ येत असेल, तर ती पेस्टची नव्हे, डॉक्टरांची गोष्ट आहे. लवंगेचे तेल दुखणे बधिर करते, कीड बरी करत नाही.

दात पांढरे करायचे असतील तर: अशा पेस्ट चहा-पानाचे वरचे डाग घासून काढतात. दाताचा मूळ रंग त्या बदलत नाहीत. कोळशाची पूड, लाल मंजन, राख किंवा मीठ जोरजोराने घासले, की कवच झिजते. ते पुन्हा उगवत नाही. लग्न ठरलेल्या मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर: यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तिथे मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. ते घासून जात नाहीत. अशा गावात आधी पाणी तपासून घ्यावे आणि लहान मुलांच्या पेस्टबाबत डॉक्टरांना विचारावे.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर: घाबरून ब्रश सोडू नये. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासत राहावे. पंधरा दिवसांत रक्त थांबले नाही, तर दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी तर उशीर करूच नये, कारण साखर आणि हिरड्यांचे आजार एकमेकांना वाढवतात.

हलालचा प्रश्नही बहिणी विचारतात. ग्लिसरीन वनस्पतीचे असते, तसेच प्राण्यांच्या चरबीचेही. बऱ्याच खोक्यांवर हिरवा ठिपका असतो, तो पाहून घ्यावा.

मिसवाक आणि रमजान

मिसवाक आणणाऱ्या त्या मुलीने विचारले, "टीचर, ही चांगली की पेस्ट?" माझ्या मते, यात भांडण लावायचे कारण नाही. उम्मतीला जड जाईल ही काळजी नसती, तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाकचा हुकूम दिला असता, अशा आशयाची पैगंबर मुहम्मद (स.) यांची हदीस आपण सगळेच जाणतो. तोंडाची स्वच्छता आपल्याकडे इबादतीशी जोडलेली आहे.

पीलूच्या झाडाच्या या काडीचे तंतू ब्रशसारखे काम करतात आणि तिच्यात जंतूंना आवर घालणारे घटकही असतात. टोक चावून मऊ करावे, वापरलेला भाग रोज कापून टाकावा, हिरडीवर रगडू नये. मात्र मागच्या दाढांपर्यंत ती नीट पोहोचत नाही आणि फ्लोराइडसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून दिवसा वुजूच्या वेळी मिसवाक आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडची पेस्ट, अशी दोघींची जोडी घालावी. मिसवाकच्या अर्काची पेस्ट म्हणजे मिसवाक नव्हे. तिचाही खोका वाचावा.

रमजानमध्ये सेहरीनंतर वेळ संपण्यापूर्वी आणि रात्री तरावीहनंतर पेस्टने घासले, की दिवसाची चिंता उरत नाही. रोजात पेस्ट वापरणे मकरूह सांगितले जाते, कारण चव घशात जाण्याची भीती असते. मिसवाक हनफी मसलकात दिवसभर चालते. कोकणातल्या आपल्या शाफई बंधुभगिनींकडे दुपार कलल्यानंतर ती मकरूह मानतात. आपापल्या आलिमांना विचारून चालावे.

रोजची रीत साधी आहे. मऊ ब्रश, दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे घासणे कधीच चुकवू नये. घासल्यावर थुंकावे, पण लगेच खळखळून चूळ भरू नये, नाहीतर फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जाते. तीन महिन्यांनी ब्रश बदलावा.

ती डबी

आता पुन्हा त्या डबीकडे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. आपल्या गावागावांत कितीतरी बायांची सकाळ यानेच सुरू होते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? पुरुषाच्या गुटख्यावर आपण बोलतो. दादी-नानीच्या मशेरीला मात्र "दात घासतेय" म्हणून सोडून देतो. तंबाखूने दुखणे बधिर होते, म्हणून औषध वाटते. सवय लागली, की सुटत नाही. आणि हिरडी, गाल, ओठ यांच्या कर्करोगाची वाट तिथूनच सुरू होते.

त्या संध्याकाळी मी अम्मीसमोर बसले. "आजपासून मी तंबाखू आणणार नाही," म्हणाले. ती म्हणाली, "उसके बगैर पेट साफ नै होता, बेटी." मी म्हटले, "एकदा तोंड तर दाखव." खालचा ओठ ओढून पाहिला. ज्या जागी ती रोज मशेरी धरायची, तिथे रुपयाएवढा पांढरा, खरखरीत चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून तिने कधी सांगितले नाही. मी तिची मुलगी, शिकलेली, पण मीही कधी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते अल्लाहलाच ठाऊक. कर्करोग नव्हता, अलहम्दुलिल्लाह. पण डॉक्टर म्हणाले, "सवय सुटली तर हा चट्टा जाऊ शकतो. नाही सुटली, तर पुढचं मी सांगू शकत नाही."

अम्मीने एका दिवसात सोडली, असे मी लिहिणार नाही. पहिल्या आठवड्यात तिने शेजारणीकडून मागून लावली. मग सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, तोंडात बडीशेप आणि हाताला काम, असे करत करत सुटत गेली. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात तपासणी होते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर दुखण्याची वाट पाहू नका.

त्या मुलाच्या घरीही मी गेले. दादींना उपदेश केला नाही, अम्मीची हकीकत सांगितली. निघताना त्या म्हणाल्या, "पोट्टेकू अब नै लगाऊँगी." स्वतःबद्दल काही बोलल्या नाहीत. मी पुन्हा जाणार आहे, या वेळी अम्मीला सोबत घेऊन.

आज रात्री आपल्या घरातला खोका हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईला प्रेमाने म्हणा, "जरा तोंड दाखव." पेस्ट उद्याही घेता येईल, हे मात्र आजच करा.