दीड दिवसाचे शहर

मसुरे गावची आंगणेवाडी वर्षातले बहुतेक दिवस मालवण तालुक्यातल्या इतर वाड्यांसारखीच असते. चिऱ्यांची घरे, माड, काजू आणि कुलूप लावलेले काही दरवाजे, ज्यांच्या चाव्या मुंबईत असतात. इथल्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. ती देवीचा कौल घेऊन ठरते. एकदा ठरली की कोकण रेल्वेच्या आरक्षणावर उड्या पडतात आणि थंडी सरता सरता दीड दिवसासाठी या माळावर लाखो माणसे उतरतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 होती, हे ध्यानात घेतले की या गर्दीचा आवाका कळतो.

त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्यातली माणसे वाढली नाहीत, उलट सुमारे 19 हजारांनी घटली. दर हजार पुरुषांमागे इथे 1,036 स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात 832. पोटापाण्यासाठी गेलेला चाकरमानी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. जत्रेला तो परततो, आणि पाणी, आरोग्य, वाहतूक, कचरा हे महानगराचे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर वाडीत येतात.

जत्रेनंतर ‘किती लाख आले?’ यावर पैजा लागतात. व्यवस्था लावणाऱ्याला मात्र दुसरा आकडा हवा असतो: या घडीला किती जण इथे आहेत? त्याचे गणित 1961 मध्ये जॉन लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाने सिद्ध केले. तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ, एवढेच ते सूत्र.

समजा, दर्शनाच्या दहा रांगा आहेत आणि प्रत्येकीतून दर दोन सेकंदांना एक जण देवीसमोरून पुढे सरकतो. तासाला 18,000 जणांचे दर्शन होईल. तितकेच लोक तासाला येत असतील आणि प्रत्येकाला दोन तास उभे राहावे लागत असेल, तर कोणत्याही क्षणी रांगेत 36,000 माणसे असतील, म्हणजे मालवण शहराच्या जवळजवळ दुप्पट. थांबणे तासावर आणले तर भाविक तेवढेच राहूनही रांग निम्मी होते. सावली, पिण्याचे पाणी, शौचालये यांची गरजही निम्मी. याउलट रात्री ताटे लावण्याच्या विधीसाठी दर्शन थांबते, तेव्हा मागून येणारे थांबत नाहीत. तासाला दहा हजार जण येत असतील, तर दोन तासांच्या खंडात वीस हजार माणसे साचतात.

साचलेली गर्दी केव्हा धोक्याची होते, याचा अभ्यास झालेला आहे. चौरस मीटरमध्ये चार माणसे असेपर्यंत प्रत्येक जण स्वतःच्या पायांनी चालतो. सहा-सातच्या पुढे अंगे एकमेकांना टेकतात, मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि मधल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. अशा दुर्घटनांत बरेच मृत्यू तुडवल्याने नव्हे, छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्याने होतात. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरीत 290 हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगरून 23 जणांचा जीव गेला. दोन्हीकडे वाट अरुंद होती आणि उताराची होती.

मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चौरस मीटरला 14 ते 16 माणसे उभी असतात, असे रेल्वेचीच आकडेवारी सांगते. तिथे हातात कडी असते, चहूबाजूंनी डबा असतो आणि धक्क्याची लाट फार दूर जात नाही. मोकळ्या माळावर ती अडवायला काहीच नसते. म्हणून लोकलची सवय जत्रेत कामाची नाही.

वाहतुकीतही पुन्हा वेळेचाच हिशेब. एका रेल्वेगाडीतून कणकवलीला दीड हजार माणसे काही मिनिटांत उतरली, तर त्यांना वाडीपर्यंत न्यायला 45 आसनांच्या 34 एसटी गाड्या लागतात. तेवढीच माणसे चौघाचौघांनी मोटारींतून आली तर 375 मोटारी होतात, आणि त्या उभ्या करायला माळ पुरत नाही. एसटी मात्र माणसे उतरवून लगेच परत फिरते.

पाण्याची गोष्ट अधिक नाजूक. इथला जांभा खडक सच्छिद्र आणि भेगाळ असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हे तापू लागली की विहिरींचे तळ दिसू लागतात. त्याच भेगांतून घाणही विहिरीत लवकर पोहोचते, म्हणून तात्पुरत्या शौचालयांची जागा विहिरीपासून दूर असावी लागते. टाकीतले पाणी शुद्ध करायला हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून अर्धा तास थांबायचे, मग नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम तरी हवा. गर्दीत टाक्या भराभर रिकाम्या होतात, तेव्हा नेमका हा अर्धा तासच वगळला जाण्याची भीती असते.

पाणी बिघडले तरी त्याचा पत्ता वाडीत लागेलच असे नाही. कॉलऱ्याची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही दिसतात. तोवर मोडजत्रा, म्हणजे जत्रेचा शेवटचा अर्धा दिवस, उरकून चाकरमानी भांडुप, परळ, डोंबिवलीला पोहोचलेला असतो. मसुऱ्याच्या आरोग्य केंद्रात एकही रुग्ण नाही आणि मुंबईच्या चार दवाखान्यांत एकेक, अशी स्थिती असेल तर साथ कोणाच्याच नजरेत येत नाही. संसर्गाच्या, तेव्हा कोविडच्या, धास्तीने 2021 मध्ये जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरती मर्यादित ठेवावी लागली होती.

तेव्हा जत्रेहून परतल्यावर आठवडाभरात जुलाब, उलट्या किंवा ताप आला, तर डॉक्टरांना आंगणेवाडीला जाऊन आल्याचे आवर्जून सांगा. आणि आयोजकांनी यंदा किती लाख आले याबरोबरच दर तासाला रांगेत किती वेळ लागला, याचीही नोंद ठेवावी. पुढच्या वर्षीच्या टाक्या, शौचालये आणि एसटी गाड्या किती लागतील, हे त्याच नोंदीवरून ठरवता येईल.