ग्रिझेल नावाच्या मुली

स्कॉटलंडमध्ये अलीकडे मुलींच्या नावांत इस्ला, ऑलिव्हिया, फ्रेया यांची चलती आहे. ही नावं हाक मारायला सोपी, कानाला मऊ. त्यांच्या शेजारी ग्रिझेल हे नाव ठेवून पाहा. अस्सल स्कॉटिश, काही शतकं घराघरांत नांदलेलं, पण आज एखाद्या तान्ह्या मुलीसाठी कुणी सुचवलं तर बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्याचं कारण उच्चारात आहे. पहिल्या अक्षरावर जोर देऊन, शेवट 'झल'कडे झुकवून हे नाव उच्चारलं की इंग्रजी कानाला लहान मुलाची किरकिर आठवते, कारण किरकिरीसाठीचा शब्द अगदी तसाच आहे. शिवाय भयंकर आणि किळसवाणं यासाठीचा शब्दही उच्चारानं जवळचाच. शाळेत पोरीला चिडवतील, ही आईबापांची भीती खोटी नाही.

तरीही मी या नावाच्या बाजूनं आहे.

नाव आलं इटलीतून. चौदाव्या शतकात बोकाचिओनं 'डेकॅमेरॉन' लिहिलं, त्यातली शंभरावी, म्हणजे शेवटची गोष्ट ग्रिसेल्डाची. एक सरदार गरीब शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करतो आणि तिची परीक्षा पाहण्यासाठी तिची दोन्ही मुलं काढून नेतो. ती मारून टाकली, असं तिला भासवतो. पुढे तिला अंगावरच्या एका वस्त्रानिशी माहेरी धाडतो आणि नव्या बायकोच्या स्वागताची तयारी करायला परत बोलावतो. ती तोंडातून ब्र काढत नाही. शेवटी सगळी परीक्षाच होती असं कळतं आणि गोष्ट गोड होते. पेत्रार्कनं ही गोष्ट लॅटिनमध्ये नेली, चॉसरनं इंग्रजीत. ग्रिसेल्डा हा सोशिक बायकोचा आदर्श ठरला. आजच्या वाचकाला ही गोष्ट क्रूर वाटते, आणि ती क्रूर आहेच.

स्कॉटलंडनं या ग्रिसेल्डाची ग्रिझेल केली. कधी ग्रिसेल, कधी ग्रिझल. लिहिण्याची पद्धत घरागणिक वेगळी. पोरगी निमूट निघावी अशी नाव ठेवणाऱ्यांची इच्छा असेलही. पण ज्या ग्रिझेल लोकांच्या लक्षात राहिल्या, त्यांच्यात निमूट कुणीच नव्हती.

सर्वांत मोठी ग्रिझेल ह्यूम. जन्म 1665, इंग्लंडच्या सीमेलगतच्या बेरिकशरमधला. वडील सर पॅट्रिक ह्यूम हे राजाच्या विरोधातले. त्यांचे मित्र रॉबर्ट बेली एडिंबराच्या तुरुंगात होते. बापानं जायचं तर पहारेकऱ्यांना संशय येणार, म्हणून निरोपाची चिठ्ठी घेऊन ग्रिझेलला पाठवलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिथंच तिला बेलींचा मुलगा जॉर्ज भेटला.

1684 साली बेलींना फाशी झाली. त्याच सुमारास सर पॅट्रिक लपले ते पोलवर्थच्या चर्चखालच्या, घराण्याची थडगी असलेल्या तळघरात. कुठं लपलेत हे बायको, ग्रिझेल आणि विश्वासातला एक सुतार एवढ्यांनाच ठाऊक. रोज रात्री अंधारात एकटी ग्रिझेल वडिलांना जेवण पोचवायची. तोवर तिला स्मशानाची फार भीती वाटायची, असं तिच्या मुलीनं लिहून ठेवलंय. आता तिला भीती फक्त शिपायांची आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांची होती. नोकरांना कळू नये म्हणून ती जेवताना ताटातलं अन्न हळूच मांडीवर सरकवायची. एकदा मेंढीचं अख्खं मुंडकं असं गायब झालं आणि धाकट्या भावानं भर पंगतीत तक्रार केली की ताईनं एकटीनंच सगळं फस्त केलं! दुसऱ्या वेळी त्यातला वाटा त्यालाही मिळावा, अशी सोय झाली.

पुढे कुटुंब परागंदा होऊन हॉलंडमध्ये राहिलं. पैशांची ओढाताण होती. घर चालवलं ते ग्रिझेलनं. 1688 च्या क्रांतीत राजा पालटला. त्यानंतर राणी झालेल्या राजकन्या मेरीच्या दरबारात मानाची जागा देऊ केली गेली, ती तिनं नाकारली आणि मायदेशी परतून जॉर्जशी लग्न केलं.

मला तिचं पुढचं आयुष्यही तेवढंच मोलाचं वाटतं. 1692 पासून चाळीसेक वर्षं तिनं घराचा जमाखर्च लिहिला: नोकरांचे पगार, पाहुण्यांच्या जेवणातले पदार्थ, कारभाऱ्यांना दिलेल्या सूचना. स्कॉटिश हिस्टरी सोसायटीनं 1911 मध्ये त्यातला निवडक भाग छापला. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये काय खाल्लं जायचं आणि कशाला किती पैसे पडायचे, हे शोधणारा अभ्यासक आजही तिच्या वह्यांकडे वळतो. ती स्कॉट्स भाषेत गीतंही लिहायची.

तिच्या आईचं नाव ग्रिझेल, थोरल्या मुलीचंही ग्रिझेल. स्कॉटलंडमध्ये पहिल्या मुलीला बहुधा आईच्या आईचं नाव मिळायचं. त्या रीतीनुसार आजीचं नाव नातीकडे आपोआप जायचं. ते कानाला कसं लागतं हा प्रश्न कुणी विचारत नसे. रीत सैल झाली, आवडीनं नावं निवडायची वेळ आली, तेव्हा ग्रिझेल मागे पडली.

दुसरी ग्रिझेल कॉक्रेन. राजाविरुद्धच्या 1685 च्या बंडात सामील झाल्याबद्दल तिच्या वडिलांना मृत्युदंड झाला, तेव्हा पुरुषी वेषात तिनं टपाल घेऊन येणाऱ्या स्वाराला वाटेत अडवून फाशीचं फर्मानच पळवलं, अशी लोककथा आहे. वडील सुटले ते बहुधा आजोबांनी ओतलेल्या पैशांमुळे. पण लोकांनी श्रेय दिलं ते मुलीला. तिसरी, बेली घराण्यातलीच, 1822 साली जन्मलेली लेडी ग्रिझेल. 1888 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडनं स्त्रियांसाठी सेविकेचं अधिकृत पद सुरू केलं, तेव्हा ते पहिल्यांदा तिला मिळालं. आणि 'पीटर पॅन'कार बॅरीनं 1900 साली 'टॉमी अँड ग्रिझेल' ही कादंबरी लिहिली, तेव्हा आपल्या करारी नायिकेला त्यानं हेच नाव दिलं.

नाव पुसलं जातं तेव्हा त्याच्याबरोबर येणारा प्रश्नही पुसला जातो. इस्ला नावाच्या मुलीला कुणी 'हे कुठून आलं?' असं विचारणार नाही. ग्रिझेलला विचारतील, आणि सांगायला तिच्याकडे तळघरातला बाप असेल, हिशेबाच्या वह्या असतील. ज्या स्कॉटिश घरांत पणजीचं नाव ग्रिझेल होतं, त्यांनी ते निदान मधलं नाव म्हणून तरी जन्मनोंदीत लिहावं. मऊ उच्चार हवा असेल तर ग्रिसेल असं लिहावं; तेही जुनंच आहे.